रॉक मासिक चालतं कसं: एक जुना अंक उघडून पाहूया

'रोलिंग स्टोन' या अमेरिकन रॉक नियतकालिकाने १९६९ मध्ये लेड झेपेलिन या बँडच्या पहिल्या अल्बमला नावं ठेवली. पुढच्याच वर्षी ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बमला त्याच मासिकात झोडपलं गेलं. आज हे दोन्ही अल्बम हार्ड रॉकच्या पायातले दगड मानले जातात, आणि म्हणून जुन्या रॉक समीक्षकांचा विषय निघाला की ही दोन उदाहरणं हमखास पुढे येतात. त्या लोकांना गाण्यातलं काही कळत नव्हतं, असा त्यातून अर्थ काढला जातो. तो अर्थ चुकीचा आहे. त्यांना भरपूर कळत होतं. पण छापील अंकात काय येतं ते एकट्या लिहिणाऱ्याच्या कानावर ठरत नाही. छपाईचे पैसे कोण देतं, अंक आठवड्याने निघतो की महिन्याने, रेकॉर्ड किती वेळा ऐकायला मिळाली, कलाकारासमोर किती मिनिटं बसता आलं, पानात किती शब्द मावतात, या सगळ्यातून मजकूर घडतो. हे नीट समजायचं तर एखादा जुना अंक हातात घेऊन कागदापासून सुरुवात करावी.

कागद आणि शाई

फेब्रुवारी १९६६. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या पॉल विल्यम्स या १७ वर्षांच्या मुलाने 'क्रॉडॅडी' नावाचा अंक काढला. दहा पानं, पाचशे प्रती. लंडनजवळच्या रिचमंडमध्ये ज्या क्लबात रोलिंग स्टोन्स हा बँड सुरुवातीला वाजवत असे, त्या क्लबाचं हे नाव. तोवर अमेरिकेत पॉप संगीतावर दोन प्रकारचे अंक मिळत. एक धंद्यातल्या लोकांसाठी, 'बिलबोर्ड'सारखे, ज्यांत कुठली रेकॉर्ड किती विकली जाते ते दिलेलं असे. दुसरे किशोरवयीन मुलींसाठी, ज्यांत गायकाचा आवडता रंग आणि मोठा फोटो असे. जॅझ आणि लोकसंगीताला गंभीर मासिकं होती, रॉकला नव्हतं. विल्यम्सने पहिल्याच अंकात सांगून टाकलं की इथे फोटो आणि त्रोटक बातम्या मिळणार नाहीत, इथे गाण्यांबद्दल विचार करून लिहिलेलं मिळेल.

हा बाणा होता खरा, पण त्यात यंत्राचाही वाटा होता. 'क्रॉडॅडी'चा पहिला अंक सायक्लोस्टाइल केलेला होता. मराठी वाचकाला हे यंत्र चांगलं ओळखीचं आहे. मुंबईत पन्नासच्या दशकात निघालेल्या 'शब्द'पासून पुढची कितीतरी लघुअनियतकालिकं याच यंत्रावर निघाली. मेण लावलेल्या स्टेन्सिलवर टाइपरायटर रिबन काढून चालवायचा, म्हणजे अक्षराच्या जागी मेण कापलं जातं आणि त्या फटीतून शाई खालच्या कागदावर उतरते. काही शे प्रतींनंतर स्टेन्सिल ढिली पडते, गोल अक्षरांचा मधला भाग गळून काळे ठिपके उमटू लागतात. फोटो तर जवळपास निघतच नाही. त्यामुळे अशा अंकात हाताशी उरतो फक्त मजकूर, आणि तो लांबलचक लिहायला कुणाची आडकाठी नसते. जॉन लँडाऊ, रिचर्ड मेल्ट्झर, सँडी पर्लमन यांचे एका अल्बमवरचे पानंच्या पानं चालणारे लेख याच 'क्रॉडॅडी'त सुरू झाले.

दहा वर्षांनी, जुलै १९७६ मध्ये, लंडनच्या मार्क पेरी या बँकेतल्या कारकुनाने 'स्निफिन ग्लू' काढला तेव्हा यंत्र बदललेलं होतं. आता फोटोकॉपी आली होती. कात्रण चिकटवा, जाड स्केचपेनने मथळा लिहा, खोडलेले शब्द तसेच राहू द्या, सगळं जसंच्या तसं उमटतं. पंक रॉकच्या फॅनझीनचा, म्हणजे चाहत्यांनीच काढलेल्या अंकाचा, जो विस्कटलेला चेहरा आपण ओळखतो तो या यंत्राने दिला. पहिल्या अंकाच्या प्रती साधारण पन्नासच होत्या. जाता जाता एक दुरुस्ती: गिटारच्या तीन कॉर्ड्सची चित्रं काढून 'आता बँड काढा' असं सांगणारं प्रसिद्ध पान 'स्निफिन ग्लू'चं म्हणून सर्रास दाखवलं जातं. ते जानेवारी १९७७ च्या 'साइडबर्न्स' या दुसऱ्याच फॅनझीनमधलं आहे.

'रोलिंग स्टोन'चा रस्ता तिसरा. यान वेनर हा २१ वर्षांचा तरुण आणि राल्फ ग्लीसन हे 'सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल'चे अनुभवी जॅझ समीक्षक, या दोघांनी १९६७ साली घरच्यांकडून आणि ओळखीच्यांकडून उभ्या केलेल्या सुमारे साडेसात हजार डॉलरवर हा अंक सुरू केला. काटकसर कशी केली ते बघण्यासारखं आहे. ब्रॅनन स्ट्रीटवरच्या छापखान्याच्या माळ्यावर फुकट जागा मिळाली, कारण अंक तिथेच छापायचा होता. पानांची मांडणी 'संडे रॅम्पार्ट्स' या वेनरच्या आधीच्या नोकरीतल्या, बंद पडलेल्या वृत्तपत्राची उचलली. ९ नोव्हेंबर १९६७ च्या पहिल्या अंकावर हेल्मेट घातलेला जॉन लेनन आहे, तो फोटो एका चित्रपटाच्या प्रसिद्धीचा. कागद वर्तमानपत्राचा, पानं २४, किंमत २५ सेंट.

आता हिशेब करा. ४० हजार प्रती छापल्या आणि त्यांतल्या सुमारे ३४ हजार परत आल्या. मासिकाच्या धंद्यात स्टॉलवाला न विकलेल्या प्रती परत पाठवतो आणि फक्त विकलेल्यांचे पैसे देतो. सहा हजार प्रती गुणिले २५ सेंट म्हणजे दीड हजार डॉलर, आणि त्यातला साधारण निम्मा वाटा वितरक आणि दुकानदाराचा. हातात आले सातआठशे डॉलर. इतक्यात ४० हजार प्रतींचा कागदही सुटत नाही. विक्रीवर रॉकचं मासिक जगणार नाही हे पहिल्या अंकातच दिसलं. मग जगणार कशावर?

जाहिराती आधी वाचा

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात रेकॉर्ड कंपन्यांपुढे एक अडचण होती. सुटी गाणी रेडिओवर वाजून खपत, पण चाळीस मिनिटांची एलपी रेडिओ वाजवत नसे, आणि खरा नफा आता एलपीत होता. ती विकत घेणारा विशीतला तरुण गाठायचा कुठे? 'रोलिंग स्टोन'सारख्या अंकाने तो एका जागी गोळा करून दिला. म्हणून या काळातल्या अंकांत पानापानावर नव्या अल्बमच्या जाहिराती आहेत. कोलंबिया रेकॉर्ड्सने १९६८ मध्ये एक जाहिरात केली, तिचा आशय असा की सत्ताधाऱ्यांना आमचं संगीत दडपता येणार नाही. बड्या कंपनीने बंडखोर तरुणांच्या भाषेत बोलायचा हा प्रयत्न तेव्हाही अनेकांना खटकला होता.

ज्याच्या रेकॉर्डचं परीक्षण करायचं त्याच्याच पैशावर अंक चालतो, ही रॉक पत्रकारितेतली मूळ गाठ. ती कधीच पूर्ण सुटली नाही. याचा अर्थ प्रत्येक चांगलं परीक्षण विकत घेतलेलं असतं असा नाही. दबाव बहुधा थेट येत नाही. जाहिरात विभागातला माणूस संपादकाला काही सांगतही नाही. पण मोठ्या नावावर वाईट लिहिलं की पुढच्या महिन्यात मुलाखत मिळत नाही, पुढची रेकॉर्ड उशिरा येते, आणि हे सगळ्यांना ठाऊक असतं. गाठ उघडी पडते ती क्वचित. १९९६ मध्ये जिम डीरोगॅटिस या समीक्षकाने 'रोलिंग स्टोन'साठी हूटी अँड द ब्लोफिशच्या नव्या अल्बमवर प्रतिकूल परीक्षण लिहिलं. या बँडचा आधीचा अल्बम प्रचंड खपलेला होता. परीक्षण काढून टाकलं गेलं, त्याजागी दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं अनुकूल परीक्षण छापलं गेलं. डीरोगॅटिसने हे एका वर्तमानपत्राला सांगितलं आणि त्याची नोकरी गेली. २००१ मध्ये मिक जॅगरच्या एकट्याच्या अल्बमला पाचपैकी पाच तारे मिळाले, ते परीक्षण खुद्द मालक-संपादक वेनरने लिहिलेलं होतं.

जुना अंक हाती आला की एक साधी तपासणी करता येते. पूर्ण पानाच्या जाहिराती मोजा आणि कुठल्या कंपनीच्या किती ते कागदावर लिहा. मग मुख्य परीक्षण, मुखपृष्ठ आणि सगळ्यात मोठी मुलाखत कुठल्या कंपनीच्या कलाकाराची आहे ते शेजारी लिहा. एका अंकावरून काही ठरत नाही, योगायोग असू शकतो. वर्षभराचे अंक मांडले की आकृती दिसते. दुसरं, जाहिराती कशाच्या आहेत ते बघा. सत्तरच्या दशकात रेकॉर्डच्या जोडीला स्टिरिओ, दारू, सिगारेट, जीन्स, मोटारी येतात, म्हणजे वाचक कमावता झाला. 'रोलिंग स्टोन'चं कार्यालय १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला गेलं, जाहिरात संस्थांच्या शेजारी. ब्रिटनमध्ये १९८६ साली 'क्यू' हे चकचकीत मासिक निघालं ते सीडी नुकती रुळत असताना. तिशी ओलांडलेले लोक आपल्या जुन्या एलपी सीडीच्या रूपात पुन्हा विकत घेत होते आणि त्यांना वाट दाखवणारं मासिक हवं होतं. 'क्यू'मध्ये जुन्या अल्बमच्या नव्या आवृत्त्यांना एवढी जागा का, याचं उत्तर इथे आहे.

आठवड्याचा अंक, महिन्याचा अंक

लंडनची साप्ताहिकं हा वेगळाच प्रकार. 'मेलडी मेकर' १९२६ पासूनचं, आधी नृत्यवाद्यवृंद आणि जॅझचं. 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस', म्हणजे एनएमई, १९५२ पासूनचं. 'साउंड्स' १९७० पासूनचं. तिन्ही वर्तमानी कागदावर, शाई बोटांना लागायची, म्हणून त्यांना 'इंकीज' म्हणत. ब्रिटनमधली गाण्यांच्या खपाची पहिली यादी एनएमईनेच १४ नोव्हेंबर १९५२ ला छापली. पद्धत साधी: जाहिरात विभाग सांभाळणाऱ्या पर्सी डिकिन्स यांनी वीसेक दुकानांना फोन केला, कुठल्या रेकॉर्ड जास्त खपल्या ते विचारलं आणि बेरीज मांडली. अशी यादी असली की दुकानदार अंक ठेवतात आणि कंपन्या जाहिरात देतात.

साप्ताहिक आणि मासिकातला फरक लिहिण्यात उतरतो. मासिक छपाईला तीनचार आठवडे आधी जातं. म्हणजे मेमध्ये येणाऱ्या अल्बमचं परीक्षण मेच्या अंकात हवं असेल तर मार्चअखेर रेकॉर्ड हातात पाहिजे, आणि ती फक्त कंपनीच देऊ शकते. साप्ताहिकाला तीनचार दिवस पुरतात. परवाच्या रात्रीचा कार्यक्रम या आठवड्यात छापून येतो. त्यामुळे साप्ताहिक कंपनीवर कमी अवलंबून राहतं. पण त्याला दुसरी भूक असते, दर आठवड्याला मुखपृष्ठावर नवं काहीतरी. वर्षाला पन्नासएक मुखपृष्ठं, आणि तेवढे मोठे बँड असतातच कुठे? मग जे नाहीत ते मोठे करावे लागतात. 'मेलडी मेकर'ने एप्रिल १९९२ मध्ये स्वेड या बँडला ब्रिटनमधला सर्वोत्तम नवा बँड म्हणून मुखपृष्ठावर आणलं तेव्हा त्यांचं एकही गाणं बाजारात आलेलं नव्हतं. डोक्यावर घ्यायचं आणि वर्षाभराने खाली आपटायचं, हा ब्रिटिश साप्ताहिकांवरचा आरोप खरा आहे. त्यामागे लिहिणाऱ्यांचा दुष्टपणा शोधण्यापेक्षा कॅलेंडर बघावं.

याच भुकेपोटी नावं जन्माला येतात. सुटे सुटे पाच बँड ही बातमी होत नाही. त्यांना एक नाव दिलं की चळवळ होते आणि चळवळीवर दोन पानं भरतात. 'साउंड्स'ने मे १९७९ मध्ये 'न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल' हे लांबलचक नाव छापलं. नाव संपादक अॅलन लुइस यांचं, लेख जेफ बार्टनचा. त्या नावाखाली आयर्न मेडनसारखे बँड देशभर ओळखले गेले, आणि १९८१ च्या जूनमध्ये 'साउंड्स'मधूनच 'केरँग' हे मेटलचं स्वतंत्र मासिक बाहेर पडलं. अमेरिकेत डेट्रॉइटच्या 'क्रीम' मासिकाच्या मे १९७१ च्या अंकात डेव्ह मार्शने 'पंक रॉक' हा शब्द वापरला आणि त्याच महिन्यात माइक सॉन्डर्सने एका परीक्षणात 'हेवी मेटल' हा. दोन्ही शब्द त्याआधीही कुठे कुठे छापून आले होते, पण संगीतप्रकाराचं नाव म्हणून ते रुजले ते या पानांवर. आज रेकॉर्डच्या दुकानातल्या कप्प्यांवर जी नावं आहेत त्यांतली कितीतरी अशी अंकाची वेळ गाठताना सुचलेली आहेत.

मुलाखत: किती मिनिटं आणि कुणाच्या खर्चाने

छापील मुलाखत वाचताना ती कुठे झाली हे शोधा. बहुधा पहिल्या दोन परिच्छेदांत ते असतं. हॉटेलची खोली, दुपारची वेळ, कोपऱ्यात प्रसिद्धी अधिकारी, असं वर्णन असेल तर त्या दिवशी आठदहा पत्रकार रांगेत होते आणि प्रत्येकाला वीस मिनिटं मिळाली असं समजा. वीस मिनिटांत साधारण तीन हजार शब्द बोलले जातात, त्यांतले निम्मे आधीच्या पत्रकाराला सांगून झालेले असतात. बसमध्ये, रंगमंचामागे, पहाटेच्या जेवणावर असं लिहिलेलं असेल तर लेखक काही दिवस बँडबरोबर फिरला. अशा लेखात माणूस दिसतो. पण त्या प्रवासाचं तिकीट बहुतेकदा रेकॉर्ड कंपनीने काढलेलं असतं.

हे वाईटच असतं का? सिअॅटलच्या सब पॉप या छोट्या कंपनीने १९८९ मध्ये 'मेलडी मेकर'च्या एव्हरेट ट्रू याला स्वतःच्या खर्चाने बोलावून घेतलं. त्याने परत जाऊन मार्चच्या अंकात सिअॅटलवर भरभरून लिहिलं, आणि मडहनी, निर्वाणा ही नावं ब्रिटनमध्ये पोचली. ऐकण्यासारखं संगीत तिथे होतंच; कंपनीला ते ऐकायला एक कान हवा होता आणि तिने त्याचं विमानभाडं भरलं. लेख खरा होता, पण वाचकाला भाड्याची गोष्ट त्याच पानावर कळली असती तर बरं झालं असतं.

आता कामाची बाजू. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटं चालते. नेमकं महत्त्वाचं वाक्य येताना टेप संपते, म्हणून जाणते पत्रकार चाळिसाव्या मिनिटाला बिनमहत्त्वाचा प्रश्न विचारून बाजू पालटून घेत. पाठीमागे संगीत चालू असेल तर ते बंद करायला लावायचं, नाहीतर घरी गेल्यावर फक्त ड्रम ऐकू येतात. तासाभराचं बोलणं कागदावर उतरवायला चारपाच तास लागतात. छापायला जागा दीडदोन हजार शब्दांची, म्हणजे सातआठ हजार शब्द टाकून द्यायचे. खरं संपादन तिथे होतं, आणि कलाकाराची खरी तक्रारही तिथलीच असते: 'मी हे म्हणालो, पण त्याआधी जे म्हणालो ते कापलं.' प्रश्नोत्तरं जशीच्या तशी छापण्याची 'रोलिंग स्टोन'ची पद्धत म्हणूनच महत्त्वाची ठरली. डिसेंबर १९७० मध्ये वेनरने जॉन लेननची घेतलेली मुलाखत पुढच्या वर्षी दोन अंकांत छापली गेली. बीटल्स कसे फुटले ते लेनन त्यात इतक्या कडवटपणे बोलला की आजही ती मुलाखत पुरावा म्हणून वापरली जाते. वेनरने नंतर तिचं पुस्तक केलं ते मात्र लेननच्या परवानगीशिवाय, आणि दोघांचं बिनसलं.

जवळीक किती असावी? याची दोन टोकं एकाच मासिकाच्या वर्तुळात सापडतात. ६ डिसेंबर १९६९ ला कॅलिफोर्नियात आल्टमाँट इथे रोलिंग स्टोन्सचा मोफत कार्यक्रम झाला. जागा ऐनवेळी बदललेली, मंच जेमतेम मीटरभर उंच, त्याच्या राखणीला हेल्स एंजल्स ही मोटारसायकलवाल्यांची टोळी. मेरेडिथ हंटर हा १८ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण मंचासमोर भोसकला गेला. त्या दिवशी एकूण चार जण मेले. सुरुवातीच्या बातम्यांत हा मोठ्या गर्दीचा आनंदमेळा होता. 'रोलिंग स्टोन'ने अनेक वार्ताहर कामाला लावले आणि २१ जानेवारी १९७० च्या अंकात जागा कुणी बदलली, मंच इतका खाली का, टोळीला कुणी बोलावलं, असा एकेक धागा काढून ज्या बँडशी आपलं नाव जुळतं त्यालाच जाब विचारला. माझ्या मते रॉक पत्रकारितेतलं हे आजवरचं सर्वांत मोलाचं काम. मासिकाला १९७१ मध्ये राष्ट्रीय मासिक पुरस्कार मिळाला त्यात या वार्तांकनाचा मोठा हात होता.

दुसऱ्या टोकाला जॉन लँडाऊ. 'रोलिंग स्टोन'मध्ये नाव कमावलेल्या या समीक्षकाने मे १९७४ मध्ये बॉस्टनच्या 'रिअल पेपर'मध्ये लिहिलं की त्याने रॉक अँड रोलचं भविष्य पाहिलं आणि त्याचं नाव ब्रूस स्प्रिंगस्टीन. कोलंबियाने ते वाक्य जाहिरातीत उचललं. लँडाऊ स्वतः १९७५ च्या 'बॉर्न टू रन'चा सहनिर्माता झाला आणि पुढे स्प्रिंगस्टीनचा व्यवस्थापक. त्याचं मत प्रामाणिक होतं याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही, आणि ते चूकही ठरलं नाही. पण एकदा तो त्या बाजूला गेला की त्याच्या आधीच्या लेखांकडेही वाचक वेगळ्या नजरेने बघतो.

परीक्षण: दोनदा ऐकून दोनशे शब्द

परीक्षणासाठी येणारी प्रत दुकानातल्या प्रतीसारखी नसते. आधी कोरं लेबल लावलेली चाचणी रेकॉर्ड येई, नंतर विक्रीसाठी नाही असा शिक्का असलेली किंवा कोपरा कापलेली, मग कॅसेट, मग सीडी. रेकॉर्ड आधीच बाहेर फुटण्याची भीती वाढली तशी बंदोबस्ताची तऱ्हा बदलली. रेडिओहेडच्या १९९७ मधल्या 'ओके कॉम्प्युटर'ची कॅसेट अमेरिकेत वॉकमनसारख्या यंत्रात घालून, यंत्र गोंदाने बंद करून पत्रकारांना पाठवली होती. गाण्यांचे शब्द नाहीत, श्रेयनामावली अपुरी, आणि मजकूर परवा द्यायचा. अल्बम दोनतीनदा ऐकला जातो. पहिल्यांदा ऐकताना कान ओळखीचं काहीतरी शोधतो, हा माणसाचा स्वभाव आहे.

झेपेलिन आणि सॅबथबद्दल नेमकं हेच घडलं. जॉन मेंडेलसन याने झेपेलिनची तुलना जेफ बेकच्या बँडशी केली, तर लेस्टर बँग्जने सॅबथची क्रीम या बँडशी. ब्लूजवर, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतावर, आधारलेल्या ब्रिटिश रॉकचा जो मापदंड १९६८ पर्यंत तयार झाला होता त्यावर हे दोन्ही बँड दुय्यम भरतात: गाण्यांचे शब्द कच्चे, ब्लूजची जाण ढोबळ, सगळं अवजड. अवजडपणा हाच मुद्दा आहे, तिथून एक वेगळा प्रकार सुरू होतोय, हे ऐकायला मापदंड बाजूला ठेवावा लागतो, आणि पहिल्या दोन ऐकण्यांत ते जमत नाही. बँग्जचं मोठेपण असं की त्याने सॅबथबद्दलचं मत पुढे बदललं आणि तसं लिहिलं. झेपेलिनने मात्र 'रोलिंग स्टोन'ला अनेक वर्षं दूर ठेवलं; १९७५ मध्ये त्यांना मुलाखतीला राजी केलं ते कॅमेरन क्रो या १७ वर्षांच्या मुलाने.

चांगलं परीक्षण तीन गोष्टी करतं: काय वाजतंय ते सांगतं, ते कुठून आलंय ते सांगतं आणि मग मत देतं. पहिली गोष्ट सगळ्यात अवघड. 'दमदार ड्रमिंग' म्हटल्याने कानात काही वाजत नाही. 'ड्रमर ठोका किंचित उशिरा देतो, त्यामुळे गाणं पाय ओढत चालल्यासारखं वाटतं' म्हटलं की वाजतं. आपल्याकडे केशवराव भोळे 'एकलव्य' या नावाने गवयांवर लिहीत तेव्हा हीच कसोटी होती: आवाजाची जात, तानेची फेक, समेवर येण्याची तऱ्हा शब्दांत पकडायची. रॉकच्या लिखाणात अडचण अशी की बहुतेक लेखक साहित्याकडून आलेले. त्यामुळे गाण्याच्या शब्दांवर चार परिच्छेद आणि बास गिटारवर एक विशेषण, हा तोल जुन्या अंकांत सतत दिसतो. वाचताना त्याची वजावट करावी.

रॉबर्ट क्रिस्टगाऊने यावर आपला उपाय काढला. १९६९ पासून न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये त्याचं 'कन्झ्युमर गाइड' हे सदर येऊ लागलं. एकेक अल्बम शंभरेक शब्दांत, शेवटी शाळेसारखी श्रेणी, ए प्लस ते ई मायनस. एकाच माणसाने हजारो अल्बम एकाच फूटपट्टीने मोजले, त्यामुळे त्याची आवड कळली की तुम्ही तुमचं गणित लावू शकता: याला बी मिळालं म्हणजे मला आवडेल. ताऱ्यांमध्ये हे होत नाही. तारे वेगवेगळे लोक देतात, छापताना संपादक त्यांत फेरफार करू शकतो, आणि त्यामुळे पाचपैकी तीन किंवा साडेतीनच्या आसपास सगळं गोळा होतं. जुन्या अंकातल्या ताऱ्यांकडे लक्ष देऊ नका, लेखाखालचं नाव वाचा. एलन विलिस, ग्रील मार्कस, नीक केंट, चार्ल्स शार मरे ही नावं दिसली तर मत पटो न पटो, लेख पूर्ण वाचा. विलिस १९६८ मध्ये 'न्यू यॉर्कर'ची पहिली पॉप समीक्षक झाली. बायका रॉक कशासाठी आणि कसं ऐकतात हे तिच्याइतकं स्वच्छ तेव्हा फार थोड्यांनी लिहिलं. तिच्यासारखी नावं श्रेयपानावर मोजकी आहेत आणि कृष्णवर्णीय लेखकांची त्याहून मोजकी. रॉक ज्या कृष्णवर्णीयांच्या संगीतातून आलं त्यांनाच या अंकांनी कडेला ठेवलं, ही या सगळ्या परंपरेतली सर्वांत मोठी उणीव. वेनरने २०२३ मध्ये स्त्रिया आणि कृष्णवर्णीय कलाकारांच्या विचारशक्तीबद्दल जाहीरपणे हिणकस बोलून ती पुन्हा उघडी केली, आणि रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या संचालक मंडळावरून त्याला दूर व्हावं लागलं.

परीक्षणावर डोळे मिटून विश्वास ठेवला की काय होतं, याचं एक अस्सल उदाहरण आहे. ऑक्टोबर १९६९ मध्ये 'रोलिंग स्टोन'ने 'द मास्क्ड मरॉडर्स' या गुप्त अल्बमचं परीक्षण छापलं: डिलन, जॅगर, लेनन आणि मॅकार्टनी यांनी एकत्र येऊन नाव न लावता केलेला अल्बम. लिहिणारा टोपणनावाने ग्रील मार्कस. असा अल्बम अस्तित्वातच नव्हता, नुसती थट्टा होती. पण दुकानांत मागणी सुरू झाली. मग बर्कलीच्या एका बँडकडून ती गाणी खरोखर वाजवून घेतली गेली, वॉर्नर ब्रदर्सने ती वितरित केली आणि रेकॉर्ड विक्रीच्या यादीतही शिरली.

भारतात

आपल्याकडे कलकत्त्याचं 'ज्युनिअर स्टेट्समन', डेस्मंड डॉइग यांच्या संपादनाखाली १९६७ ते १९७७, हे तरुणांचं साप्ताहिक होतं आणि त्यात पॉपला भरपूर जागा होती. पण निव्वळ रॉकचं, भारतीय बँडांना मध्यभागी ठेवणारं मासिक १९९३ मध्ये अमित सैगल यांनी अलाहाबादहून सुरू केलं: 'रॉक स्ट्रीट जर्नल'. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक'सारखे कार्यक्रम १९८६ पासून होत होते, पण शिलाँगच्या बँडची खबर पुण्याच्या मुलाला मिळायची सोय नव्हती. त्या काळात गावोगावच्या बँडांचे पत्ते एका जागी छापले जाणं हेच मोठं काम होतं. २००८ मध्ये 'रोलिंग स्टोन'ची भारतीय आवृत्ती मुंबईहून निघू लागली, पण तोवर इंटरनेट घराघरांत शिरत होतं.

शेवटची पानं

'साउंड्स' १९९१ मध्ये बंद पडलं, 'मेलडी मेकर' २००० च्या अखेरीस एनएमईत विलीन झालं. एनएमई २०१५ पासून फुकट वाटलं जाऊ लागलं आणि मार्च २०१८ मध्ये त्याचा छापील साप्ताहिक अंक बंद झाला. 'क्यू' जुलै २०२० मध्ये संपलं. गाणं लगेच ऐकता येऊ लागल्यावर ते कसं वाजतं हे विकत घेऊन वाचायची गरज उरली नाही, आणि जाहिराती फोनच्या पडद्यावर गेल्या. पण साप्ताहिकांच्या खिशाला याआधीच एक भोक पडलं होतं, ते शेवटच्या पानांवर, छोट्या जाहिराती तिथून निघून गेल्या तेव्हा.

जुन्या 'मेलडी मेकर'ची ही पानं न उघडता अंक ठेवून देऊ नका. बारीक टाइपातल्या छोट्या जाहिराती, ओळीवर पैसे: ड्रमर हवा, अॅम्प्लिफायर विकणे आहे, व्हॅन भाड्याने. तरुण वादक साप्ताहिक घ्यायचे ते बऱ्याचदा एवढ्यासाठीच. १९६७ मध्ये लिबर्टी रेकॉर्ड्सने नव्या लोकांना बोलावणारी जाहिरात एनएमईत दिली. तिला उत्तर देणाऱ्यांत एक पियानोवादक होता, ज्याला शब्द लिहिता येत नव्हते, आणि एक कवी, ज्याला चाल लावता येत नव्हती. कंपनीने दोघांनाही घेतलं नाही, पण कवितांचं एक पाकीट पियानोवाल्याच्या हातात दिलं. ते पुढे जोडीने गाजलेले एल्टन जॉन आणि बर्नी टॉपिन. १९७० मध्ये जेनेसिस या बँडने ड्रमर हवा म्हणून 'मेलडी मेकर'मध्ये जाहिरात दिली आणि फिल कॉलिन्स आला. त्याच वर्षाच्या शेवटी स्टीव्ह हॅकेट या गिटारवादकाने त्याच पानांवर स्वतःची जाहिरात दिली, की साचलेल्या संगीताच्या पलीकडे जायची तयारी असणारे वादक हवेत. ती जेनेसिसचा गायक पीटर गॅब्रिएल याने वाचली आणि हॅकेटला फोन केला.